खेप थांबवायचा हक्क कुणाचा? कोरियातल्या २००८ च्या मेणबत्ती आंदोलनाबद्दल

मला विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: २००८ मध्ये दक्षिण कोरियात अमेरिकन गोमांसाच्या आयातीविरुद्ध लाखो लोक मेणबत्त्या घेऊन रस्त्यावर उतरले. ते मांस खाऊन तिथे एकही माणूस दगावला नव्हता. धोका फार लहान आहे असं जाणकार सांगत होते. मग ती टीव्हीने उठवलेली आवई होती का? आणि मांसतपासणीतला माणूस म्हणून तुम्ही तिथे असता, तर त्या मांसाच्या कागदावर सही केली असती का?

मी पशुवैद्यक आहे. निर्यातीच्या मांसाला आरोग्य दाखला द्यायचं काम मी बावीस वर्षं केलं. म्हणून आधी दाखल्याच्या बाजूने बोलतो. गर्दीच्या तोंडी काही चुकीच्या गोष्टी होत्या, हे खरं आहे. पण तेवढ्यावरून तिला वेड्यात काढणाऱ्यांनी करार नीट वाचलेला नसतो. आमच्या धंद्यात ज्या एका गोष्टीवर सगळं उभं असतं, ती म्हणजे संशय आला की खेप अडवायची मुभा. कोरियाच्या सरकारने एप्रिल २००८ मध्ये तीच सोडून दिली होती. शाळकरी मुलींना ते कळलं, आणि मंत्रालयाला कळायला दोन महिने लागले.

आधी रोग समजून घेऊ. बीएसई, म्हणजे ज्याला लोक ‘मॅड काऊ’ म्हणतात, तो ब्रिटनमध्ये १९८६ साली ओळखला गेला. मेलेल्या जनावरांचं मांस-हाडं दळून केलेला भुगा गाईगुरांच्या खुराकात घातला जात होता आणि त्यातूनच रोग फिरत होता. १९८८ मध्ये रवंथ करणाऱ्या जनावरांना तो भुगा घालायला बंदी आली. तरी ब्रिटनमध्ये पुढे १ लाख ८० हजारांहून जास्त गुरं या रोगाची म्हणून नोंदली गेली. १९९० मध्ये तिथल्या कृषिमंत्र्यांनी कॅमेऱ्यासमोर आपल्या लहान मुलीच्या तोंडाशी बर्गर धरला आणि गोमांस निर्धास्त खा म्हणून सांगितलं. सहा वर्षांनी, २० मार्च १९९६ ला, त्याच देशाच्या आरोग्यमंत्र्यांना संसदेत सांगावं लागलं की तरुण माणसांमध्ये दिसलेल्या मेंदूच्या एका नव्या जीवघेण्या आजाराचं मूळ बहुधा हेच असावं. त्या आजाराने ब्रिटनमध्ये १७८ माणसं गेली. रोगाचं कारण असलेलं प्रिऑन हे बिघडलेलं प्रथिन आहे, त्याला जीवजंतूंचे नियम लागू नाहीत. उकळा, भाजा, गोठवा, ते टिकून राहतं. जनावराच्या अंगात ते वर्षानुवर्षं लक्षणं न दाखवता राहतं, माणसाच्याही.

‘सरकार सुरक्षित म्हणतंय ना’ हे वाक्य गोमांसाच्या बाबतीत त्या बर्गरपासून पार बोथट झालेलं आहे. कोरियातले लोक घाबरले तेव्हा त्यांच्या डोळ्यासमोर हा इतिहास होता.

आता कत्तलखान्यात काय करतात ते सांगतो, कारण सगळं भांडण तिथल्या दोन कामांवर आहे. पहिलं काम, वय ठरवणं. रोगाचं विष मेंदूत आणि मज्जारज्जूत साचायला वेळ लागतो, म्हणून ३० महिन्यांची रेघ मारलेली आहे. जन्माची नोंद नसेल तर वय दातांवरून ठरवतात. आपल्याकडे शेतकरी बाजारात बैलाचा ओठ वर करून अदंत, दोनदाती, चारदाती, सहादाती, जुळलेला असं जे सांगतो, तीच विद्या. दुधाचे पुढचे दात पडून पहिली पक्क्या दातांची जोडी आली की दोनदाती. दुसऱ्या जोडीतला एक दात जरी हिरडी फोडून वर आला तरी अमेरिकन नियमाने ते जनावर ३० महिन्यांच्या पुढचं धरायचं. म्हणजे दोनदाती आणि चारदाती यांच्या मधला तो उंबरठा. कापलेलं मुंडकं समोर हुकाला लटकलेलं असतं, ओठ अंगठ्याने खाली दाबायचा, पाण्याच्या फवाऱ्याने रक्त उडवायचं आणि बघायचं. बघायला मिळतात काही सेकंद, पाठोपाठ पुढचं मुंडकं येतंच.

दुसरं काम, धोक्याचे अवयव वेगळे काढणं. ३० महिन्यांच्या पुढच्या जनावराचा मेंदू, कवटी, डोळे, मज्जारज्जू, पाठीचा कणा आणि त्याच्या बाजूच्या मज्जागाठी, आणि कुठल्याही वयाच्या जनावराचे टॉन्सिल व लहान आतड्याचं शेवटचं टोक. धड करवतीने उभं चिरलं की मज्जारज्जू पांढऱ्या दोरीसारखा कण्याच्या पन्हाळीत पडलेला दिसतो. तो ओढून काढायचा, उरलेसुरले धागे खरवडायचे, आणि सुरी ८२ अंशांच्या पाण्यात बुडवल्याशिवाय पुढच्या धडाला लावायची नाही. वाचायला सोपं वाटतं. पण करवत मध्यावरून थोडी जरी सरकली तरी मज्जारज्जूचा एक तुकडा कण्याच्या कपारीत दडून राहतो आणि बोट घातल्याशिवाय सापडत नाही.

कोरियाची गोष्ट इथे वेगळी होते. स्टेक खाणाऱ्या माणसाच्या ताटात यातलं जवळपास काहीच येत नाही. कोरियन स्वयंपाकात मात्र हाडं तासन् तास उकळून केलेले गोमतांग, सोल्लोंगतांग असे रस्से आहेत, आणि गोपचांग म्हणजे भाजलेलं आतडं लोक आवडीने खातात. अमेरिकन नियमात आतड्याचा शेवटचा ८० इंचांचा भाग कापून टाकला की उरलेलं आतडं खाण्याजोगं ठरत होतं. युरोपीय संघ त्या काळात गुरांचं सबंध आतडंच बाद करत होता. दोन्ही नियमांमागे शास्त्रज्ञच होते. मग आतडं खाणाऱ्या देशाने विचारलं, की सैल नियम आमच्या वाट्याला का, तर त्यात अडाणीपणा कुठला?

आता घटनाक्रम. डिसेंबर २००३ मध्ये अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात एका दुभत्या गाईत बीएसई सापडला. कोरियाने त्याच महिन्यात आयात बंद केली. अमेरिकन गोमांसाच्या पहिल्या तीन मोठ्या गिऱ्हाइकांत कोरिया होता, वर्षाला ८० कोटी डॉलरच्या आसपास. २००६ मध्ये बाजार अर्धवट उघडला, अट अशी की जनावर ३० महिन्यांच्या आतलं हवं आणि मांस बिनहाडाचं. वर्षअखेरीस आलेल्या पहिल्या तिन्ही खेपांमध्ये एक्सरे यंत्राला हाडाची कच दिसली आणि कोरियाने त्या नाकारल्या. अमेरिकन व्यापारी चिडले, नखाएवढ्या कचेसाठी टनावारी माल परत? मीही तेव्हा ते कडक म्हणालो असतो. पण ऑक्टोबर २००७ मध्ये एका खेपेत चक्क पाठीच्या कण्याचं हाड निघालं. कच आपोआप येऊ शकते. कण्याचं हाड मात्र पेटीत कुणीतरी भरलेलं असतं, कुणीतरी तपासून सोडलेलं असतं आणि कुणीतरी त्यावर सही केलेली असते. कोरियाने तपासणीच थांबवली, म्हणजे आयात बंद.

मधल्या काळात, मे २००७ मध्ये, जागतिक पशुआरोग्य संघटनेने अमेरिकेला ‘नियंत्रित धोका’ हा दर्जा दिला. जूनमध्ये कोरिया-अमेरिका मुक्त व्यापार करारावर सह्या झाल्या, पण अमेरिकन संसदेतले गोमांस उत्पादक राज्यांचे प्रतिनिधी म्हणत होते, आधी मांस घ्या, मग करार. फेब्रुवारी २००८ मध्ये ली म्युंग-बाक राष्ट्राध्यक्ष झाले, मोठ्या फरकाने निवडून आलेले, बांधकाम धंद्यातून वर आलेले, कामाचा उरक दाखवायची घाई असलेले. १८ एप्रिलला गोमांसाचा समझोता जाहीर झाला. त्याच सुमारास ते कॅम्प डेव्हिडला बुश यांच्या भेटीसाठी पोहोचले होते. वाटाघाटींची वेळ अशी दुसऱ्या कुणाच्या पाहुणचाराला जोडलेली असली की तंत्रज्ञाचं कोणी ऐकत नाही. हे मी लहान प्रमाणावर पुष्कळ वेळा पाहिलंय.

समझोत्यात वयाची अट टप्प्याटप्प्याने जाणार होती, धोक्याचे अवयव काढलेले असले की ३० महिन्यांच्या पुढचं मांसही येणार होतं. पण माझ्या मते खरी गोम पाचव्या कलमात होती. अमेरिकेत बीएसईचा नवा रुग्ण निघाला तरी कोरियाने आयात लगेच थांबवायची नाही. जागतिक संघटनेने अमेरिकेचा दर्जा खाली आणला, तरच थांबवता येईल. अशा संघटनेचं काम कसं चालतं? देश माहिती देतो, समिती अभ्यास करते, सभा भरते. महिने जातात, आणि तोवर जहाजं सुटतच राहतात.

२९ एप्रिलच्या रात्री एमबीसी वाहिनीवर शोधपत्रकारितेचा एक कार्यक्रम झाला. त्यात अमेरिकेतल्या एका कत्तलखान्यातली, उभ्या राहू न शकणाऱ्या गाईंना फोर्कलिफ्टने ढकलण्याची दृश्यं होती, आणि व्हर्जिनियातल्या एका तरुणीचा मृत्यू या रोगाने झाला असावा असं सुचवलेलं होतं. दृश्यं खरी होती. त्याच प्रकरणात फेब्रुवारीमध्ये १४ कोटी ३० लाख पौंड मांस परत मागवलं गेलं होतं, अमेरिकेच्या इतिहासातली तोवरची सर्वांत मोठी माघार. पण न उठणारी गाय म्हणजे बीएसईची गाय असं होत नाही. पाय मोडला, कॅल्शियम उतरलं, कासेचा आजार झाला तरी गाय बसते. त्या तरुणीला तो रोग नव्हताच, हे नंतर स्पष्ट झालं.

सर्वांत घातक चूक ९४ या आकड्याची होती. माणसाच्या प्रिऑन प्रथिनाच्या जनुकात १२९ वी जागा असते. तिथे आई आणि बाप दोन्हीकडून ‘एम’ हा प्रकार आलेल्यांनाच हा आजार जास्त होतो, ब्रिटनमधले जवळजवळ सगळे रुग्ण तसेच होते. कोरियन लोकांत अशांचं प्रमाण सुमारे ९४ टक्के आहे, ब्रिटिशांत ४० च्या आसपास. इतकं बरोबर. कार्यक्रमात मात्र ते ‘दूषित मांस खाल्लं तर कोरियन माणसाला रोग व्हायची शक्यता ९४ टक्के’ असं झालं. ब्रिटनमध्ये कोट्यवधी लोकांनी वर्षानुवर्षं दूषित मांस खाल्लं, त्यांत ‘एम-एम’वालेही कोट्यवधी होते, आणि मृत्यू झाले १७८. हा हिशेब त्या रात्री कुणीतरी पडद्यावर मांडायला हवा होता, मला ही चूक अजूनही टोचते. सरकारने निर्मात्यांवर खटला भरला. सप्टेंबर २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काही मजकूर खोटा होता हे मान्य केलं आणि तरीही त्यांना निर्दोष सोडलं, कारण विषय सार्वजनिक हिताचा होता.

टीव्हीची चूक सांगायची तर सरकारचीही सांगितली पाहिजे, ती जास्त गंभीर होती. अमेरिकेने २५ एप्रिलला पशुखाद्याचा नवा नियम छापला. कोरियन मंत्रालयाने लोकांना सांगितलं, पाहा, आता ३० महिन्यांच्या आतलं जनावरही तपासणीत नापास झालं तर त्याचा खुराकात वापर होणार नाही. मूळ इंग्रजी नियमात नेमकं उलट होतं: ३० महिन्यांच्या आतलं जनावर असेल तर तपासणीत नापास होऊनही त्याला बंदी लागू होत नव्हती. लोकांनी इंटरनेटवर मूळ मजकूर काढून शेजारी शेजारी लावला, आणि मंत्रालयाला भाषांतर चुकल्याचं कबूल करावं लागलं. ज्याच्या भरवशावर वयाची अट सैल केली तो कागदच उलटा वाचलेला! मी मंत्रालयात असतो तर त्या दिवशी राजीनामा दिला असता.

पहिली सभा २ मे ला सोलच्या चोंग्ग्ये चौकात झाली. जमलेल्यांत निम्म्याहून अधिक शाळेच्या गणवेशातल्या मुली होत्या असं वर्णन तेव्हाच्या बातम्यांत सापडतं. ‘वेडी गाय तुम्हीच खा’ असे फलक. नको असेल तर विकत घेऊ नका, हा सल्ला त्यांना देणं हास्यास्पद होतं. शाळेच्या जेवणात काय शिजेल ते विद्यार्थी ठरवत नाही आणि सैन्यात वाढतील ते शिपाई ठरवत नाही. स्वस्त मांस आधी अशाच पंगतीला जातं. मग बाबागाड्या घेऊन आया आल्या. एका शाळकरी मुलाने सुरू केलेल्या ऑनलाइन अर्जावर १३ लाखांहून जास्त लोकांनी राष्ट्राध्यक्षांवर महाभियोग चालवा म्हणून नावं नोंदवली. गर्दी राज्यघटनेचं पहिलं कलम, कोरिया हे लोकशाही प्रजासत्ताक आहे, चालीवर म्हणत होती. मांसासाठी जमलेली माणसं घटनेचं कलम म्हणतात, यात मला विसंगती दिसत नाही. देशात काय शिरेल ते अडवायचा अधिकार परक्या संघटनेच्या सभेकडे गेला होता, आणि त्याबद्दल बोलताना दुसरं काय म्हणायचं?

मे संपताना पाण्याचे फवारे सुटले. १० जूनला, १९८७ च्या लोकशाही लढ्याच्या स्मृतिदिनी, पोलिसांनी सेजोंगनो रस्त्यावर मालवाहू कंटेनर एकमेकांवर रचून भिंत उभी केली, वर ग्रीस फासलं. आयातीवरूनच्या भांडणात राष्ट्राध्यक्ष भवनाचा रस्ता कंटेनरनी अडवला! लोकांनी त्या भिंतीला लगेच ‘म्युंग-बाकचा किल्ला’ नाव दिलं. त्या रात्री सोलमध्ये पोलिसांच्या मते ८० हजार आणि आयोजकांच्या मते ७ लाख लोक होते. मंत्रिमंडळाने राजीनामे देऊ केले. १९ जूनला ली यांनी दुसऱ्यांदा माफी मागितली आणि सांगितलं, की १० जूनच्या रात्री भवनामागच्या टेकडीवर जाऊन मेणबत्त्यांची न संपणारी रांग आपण पाहत होतो.

दोन दिवसांनी जादा वाटाघाटींचा निकाल आला. व्यापारमंत्री किम जोंग-हून आणि अमेरिकेच्या व्यापार प्रतिनिधी सुसान श्वाब यांच्यात ठरलं, की ग्राहकांचा विश्वास परत येईपर्यंत फक्त ३० महिन्यांच्या आतलं मांस पाठवायचं. कायद्याच्या भाषेत ही निर्यातदारांची स्वेच्छा होती, पण अमेरिकन कृषिखात्याची वेगळी हमी प्रणाली तिला जोडली. ज्या मालासोबत ती हमी नसेल, तो बंदरातून परत. कोवळ्या जनावराचाही मेंदू, डोळे, कवटी आणि मज्जारज्जू वगळले गेले. रोग निघाला तर आरोग्यासाठी आयात थांबवायचा कोरियाचा हक्कही त्याआधीच मान्य करून घेतला गेला होता. टीकाकार म्हणाले, हे कागदी आहे, स्वेच्छेवर विसंबलेलं आहे. मला तसं वाटत नाही. ‘हमी नसेल तर परत’ या चार शब्दांनी बंदरावरच्या तपासनिसाच्या हातात पुन्हा शिक्का आला.

त्या शिक्क्याची किंमत मला एका पहाटे कळली होती. रात्रपाळीत एका अर्ध्या धडाच्या कण्यात माझ्या बोटाला ओलसर, पेरभर लांबीचा धागा लागला. मज्जारज्जू. मी धडं पुढे नेणारी साखळी थांबवली आणि मागची चाळीस धडं परत तपासायला लावली. कारखान्याच्या व्यवस्थापकाने कंटेनरचं सील आणि जहाजाची वेळ काढली, आवाज चढवला, मग वर फोन लावला. सापडलं आणखी एक. त्याला जे काही म्हणायचं होतं ते त्याने म्हटलं, पण साखळी माझ्या बटणाने थांबली होती आणि माझ्याच बटणाने सुरू होणार होती. ते बटण काढून घेतलं असतं, तर माझी बोटं त्या कपारीत जाऊन काय उपयोग?

सगळीच जनावरं तपासून पाठवा ना, असंही तेव्हा लोक म्हणत. कॅन्ससमधल्या एका कंपनीने स्वखर्चाने प्रत्येक जनावराची चाचणी करायची परवानगी २००४ मध्ये मागितली होती, अमेरिकन कृषिखात्याने नाकारली, आणि ऑगस्ट २००८ मध्ये अपील न्यायालयानेही खात्याची बाजू घेतली. खात्याचा तांत्रिक मुद्दा खरा आहे: कोवळ्या जनावरात रोग असला तरी चाचणीत दिसत नाही, त्यामुळे ‘चाचणी झाली’ हा शिक्का फसवा ठरू शकतो. पण गिऱ्हाईक मागतंय आणि विकणारा द्यायला तयार आहे, तेव्हा सरकारने आडवं येणं याने संशय वाढतोच.

एप्रिल २०१२ मध्ये परीक्षा झाली. कॅलिफोर्नियातल्या एका दुभत्या गाईत बीएसई निघाला. २००८ मध्ये कोरियन सरकारने वृत्तपत्रांत जाहिराती देऊन रोग निघताच आयात थांबवू असं छापलं होतं. थांबवली नाही, तपासणी वाढवली. तांत्रिकदृष्ट्या मी तेच केलं असतं, कारण तो खुराकातून न येणारा, म्हाताऱ्या गाईत आपोआप उद्भवणारा प्रकार होता आणि ती गाय अन्नसाखळीत गेलीच नव्हती. छापील शब्द मोडल्याबद्दल मात्र लोक रागावले ते बरोबरच. तैवानमध्ये रॅक्टोपामाइन, म्हणजे अंगावर मांस चढावं म्हणून खुराकातून देतात ते औषध, दिलेल्या डुकराच्या मांसावरून २०२० मध्ये असंच रान पेटलं, विरोधी खासदारांनी सभागृहात डुकराची आतडी फेकली. तिथे विषय सार्वमताला गेला, डिसेंबर २०२१ मध्ये बंदीची बाजू हरली आणि रस्ते शांत झाले. लोकांना ‘थांबवा’ म्हणायची संधी मिळाली होती.

कोरिया पुढे अमेरिकन गोमांसाचं जगातलं सर्वांत मोठ्या गिऱ्हाइकांपैकी एक झाला, वर्षाला २ अब्ज डॉलरच्या वर. ३० महिन्यांची ‘तात्पुरती’ अट मात्र अजून उभी आहे. २०२५ च्या व्यापार वाटाघाटींत अमेरिकेने ती काढायला सांगितलं, कोरियाने काढली नाही.

आता सहीचं. जूननंतरच्या अटींवर आलेलं मांस माझ्यासमोर आलं असतं, दात बघितलेले, कणा साफ, हमीचा कागद सोबत, तर मी सही केली असती आणि तेच मांस घरीही शिजवलं असतं. एप्रिलच्या कागदावर केली नसती. त्यातली बहुतेक धडं स्वच्छच निघाली असती, याची मला खात्री आहे. पण दुसऱ्या दिवशी एखाद्या कण्यात धागा सापडला असता, तर तिसऱ्या दिवशीचा कंटेनर मला अडवता आला नसता.